बेटवाल्यांचं टपाल

डंकन्स कोव्ह
१२ जून

प्रिय अरिहिया,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. शेवटपर्यंत वाच, मग जाळायचं असेल तर जाळ.

ऑगस्टमध्ये तुझ्या वडिलांना जाऊन वर्ष होईल. तू अंत्यविधीला आली नाहीस. मिहीने, तुझ्या आत्याने, तुझी तार मराएवर, सभाघरापुढच्या अंगणात, सगळ्यांसमोर वाचून दाखवली: ‘त्यांना मी नको होते. आता येऊन काय करू?’ वाचून झाल्यावर तिने कागदाची बारीक घडी घातली आणि म्हणाली, "बघा. सिडनीच्या पाण्याने पोरीचं काळीज पार वाळून गेलं." मी शेवटच्या रांगेत स्कोनचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. तू तसं का लिहिलंस, हे त्या दीडशे माणसांत मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नाही. त्याबद्दलच हे पत्र आहे. पण मला क्रमाने सांगू दे. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला सांगता येत नाही.

टपाल खात्याची कंपनी झाली आणि आमचं पोस्ट बंद झालं, हे तुला कळलं असेल. तोट्यात आहे, असं वेलिंग्टनहून लिहून आलं. तोटा होताच, मी काही खोटं म्हणत नाही. पण पोस्ट गेलं तशी माणसं पेन्शनसाठी शहरात जाऊ लागली आणि शहरात गेलेला माणूस पीठ-साखरही तिथूनच आणतो. सहा महिन्यांत नोलनने दुकानाला फळ्या ठोकल्या. तो म्हणतो, "मला कुणी मारलं नाही, ॲग्नेस, मला फक्त वगळलं." पोस्टाची इमारत क्राइस्टचर्चच्या एका दंतवैद्याने घेतली आहे. उन्हाळ्यात पंधरा दिवस येतो. काउंटर त्याने तसंच ठेवलंय, त्यावर वाइनच्या बाटल्या मांडतो. त्याच काउंटरवर तू कॉलेजचा अर्ज भरला होतास आणि मी तो तुला तीनदा लिहायला लावला होता. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "आंटी, अर्ज माझा आहे की तुमचा?" मी हसले नव्हते. हसायला हवं होतं.

त्याच काउंटरवर तुझ्या वडिलांनी तू सिडनीहून पाठवलेलं तुझ्या लग्नाचं पत्र आपटलं होतं. न उघडता. पाकिटावर स्वतःच्या हाताने ‘परत’ लिहून. मी म्हटलं, "टाइमोना, उद्या पाठवते. रात्रभर विचार कर." ते म्हणाले, "तुझं काम शिक्के मारायचं." मी शिक्का मारला.

त्यानंतर सात वर्षं ते काय करत, हे तुला कुणी सांगितलं नसणार, कारण पाहणारी मीच होते. मार्चमध्ये सगळी कुटुंबं टीटी पक्षी धरायला बेटांवर जात आणि मेअखेर बोटी परत येत. बाकीचे बाप्ये आधी घरी जाऊन आंघोळ करत. टाइमोना धक्क्यावरून थेट पोस्टात येत, अंगाला पक्ष्यांच्या चरबीचा वास, बुटांना चिखल. मी ओरडायची, "बूट बाहेर!" ते मोजे घालून काउंटरपाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "काही आलंय?" वीजमंडळाचं, चर्चचं, पेन्शनचं जे असेल ते मी पुढे करायची. ते एकेक पाकीट उलटून बघायचे आणि म्हणायचे, "बरं." कुणाच्या पत्राची वाट बघतोय, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही आणि मी एकदाही विचारलं नाही. आम्ही दोघंही मूर्ख होतो.

बेटांवर गेलेल्यांचं टपाल मी एका सफरचंदाच्या खोक्यात वेगळं ठेवायची. नियमाप्रमाणे न नेलेलं पत्र महिन्याभरात परत जायला हवं. मी अडीच महिने ठेवायची. एकतीस वर्षांत मी मोडलेला हा एकच नियम. माझ्या आधीचे पोस्टमास्तरही मोडत आले होते. बेटावर टपाल जात नाही आणि पक्षी पोस्टाच्या सोयीने अंडी घालत नाहीत.

पोस्ट बंद करायची तारीख वेलिंग्टनने ठरवली ती गेल्या वर्षीच्या एप्रिलची अठ्ठावीस. अर्धं कोव्ह बेटांवर होतं. सामानाची यादी करायला एक टाय लावलेला गृहस्थ आला. वाईट माणूस नव्हता; चहाचा कप स्वतः विसळायचा. त्याने खोकं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे कुठल्या नियमात बसतं?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही." तो म्हणाला, "मग आज पाठवून द्या. उद्यापासून ही जागा पोस्ट नाही." तो जेवायला गेला तेव्हा नोलन काउंटरवर कोपर टेकून उभा होता. म्हणाला, "तेरा पाकिटं आहेत, बाई. एप्रनमध्ये घाल आणि घरी ने. तुझी झडती कोण घेणार आहे?" मी त्याला म्हटलं, "टपाल माझ्या मालकीचं नाही." हे वाक्य मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

तेरापैकी एक तुझं होतं, अरिहिया. आठवड्यापूर्वीच आलं होतं, जाडजूड. तुझा ‘ट’ अजून तसाच डोकं वर काढतो, मी पाहताक्षणी ओळखला. त्या आठवड्यात मी ते खोक्यातून तीनदा काढून हातात घेतलं होतं. मेअखेर टाइमोना मोजे घालून उभे राहतील आणि मी ते पुढे करीन, तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल, याचा मी विचारही केला होता. आणि अठ्ठावीस तारखेला मी त्यावर शिक्का मारला. शिक्क्यात कारणांचे चार चौकोन असतात: पत्ता अपुरा, पत्ता सोडला, स्वीकारण्यास नकार, मुदतीत नेले नाही. ‘बेटावर आहेत’ असा चौकोन नव्हता. मी चौथ्यावर खूण केली. खाली पेन्सिलने ते दोन शब्द लिहिता आले असते. पण दुसऱ्याच्या पाकिटावर मी एकतीस वर्षांत एक अक्षर लिहिलं नव्हतं, शेवटच्या दिवशी कशाला लिहू, असं मला वाटलं.

सात वर्षांनी धीर करून पाठवलेलं पत्र न उघडता परत आलेलं पाहून तुला काय वाटलं असेल, हे मला त्या दिवशीच सुचायला हवं होतं. तुझी तार ऐकली तेव्हा सुचलं.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. मेअखेर बोटी आल्या. टाइमोना पोस्टाचं बंद दार पाहून माझ्या घरी आले. बूट काढायला वाकले. मी म्हटलं, "राहू देत." त्यांनी विचारलं, "काही आलं होतं?" मी म्हटलं, "सगळं परत पाठवावं लागलं. नियम." ते म्हणाले, "माझ्या नावाचं होतं काही?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, याचं मी वर्षभर उत्तर शोधते आहे. लाज वाटली, एवढंच सापडतं. ते म्हणाले, "बरं." आणि खारवलेल्या पक्ष्यांची एक बादली पायरीवर ठेवून गेले, दरवर्षीसारखी.

मी नाही म्हटलं तरी तो माणूस थांबला नाही. शहरात औषधांच्या दुकानात आता टपालाची खिडकी आहे. दर मंगळवारी चाळीस किलोमीटर जायचे. तिथल्या मुलीला नाव सांगायचं, तिने ते कसं लिहायचं विचारायचं. नोलनला म्हणाले होते, "पोरगी गोड आहे, पण दर मंगळवारी माझी नव्याने ओळख करून घेते." जुलैत छाती भरली तरी पावसात जात राहिले. ऑगस्टच्या सहा तारखेला इस्पितळात दाखल झाले. मी शेवटच्या दिवशी भेटायला गेले होते, सांगायचं ठरवूनच. ते झोपले होते. नर्स म्हणाली, "उठवू का?" मी म्हटलं, "नको, झोपू दे." तुझ्यापुढे मी हे सबब म्हणून मांडत नाही.

येत्या सव्वीस ऑगस्टला, वर्षाच्या रिवाजाप्रमाणे, त्यांच्या थडग्यावरच्या नव्या दगडावरचं कापड काढतील. कोरायच्या नावांची यादी मिहीने केली आहे. तुझ्या आईचं नाव आहे, भावंडांची आहेत. मुलगी म्हणून तुझं नाव तिने घातलेलं नाही. जुलैच्या मध्यात कारागीर काम सुरू करील आणि दगडावर राहून गेलेलं नाव मागून कुणी घालत नाही. म्हणून दोन जुलैच्या रविवारी, प्रार्थना संपली की, मी मराएच्या अंगणात उभी राहून हे सगळं मोठ्याने सांगणार आहे: तुझं पत्र, माझा शिक्का आणि माझं ‘नाही’. मिही मला काय म्हणेल ते म्हणू दे. पण टाइमोनांनी तुझं पत्र नाकारलं नव्हतं, हे सगळ्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं. ते त्याच पत्रासाठी दर मंगळवारी शहरात जात होते. मला क्षमा कर, असं मी लिहिणार नाही. ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल. तू ये. शहराच्या पुढे आता बस येत नाही, तेव्हा दिवस कळव, मी गाडी घेऊन स्टँडवर उभी असेन. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. वाटभर मी गप्प गाडी चालवीन.

तू मानलंस तर, तुझीच
ॲग्नेस मॉफट