खालच्या दोन पंखांबद्दल

मी, हणमंतप्पा गुरुलिंगप्पा कोराळे, वय ७६ वर्षे, धंदा: वायुसेनेतून निवृत्त, राहणार लोहारा, जिल्हा धाराशिव, आज घरच्या ओसरीवर बसून, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर आपखुशीने, माझ्या मागे काय व्हावे ते सांगून लिहवून घेत आहे. मला कंपवात आहे. हात थरथरतात, डोके नाही. तसा दाखला डॉक्टर इंद्रजित यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

हे लिहीत आहे माझी पत्नी श्रीदेवी. वकील म्हणाले, ज्याला मिळायचे त्यानेच लिहू नये, लोक शंका घेतात. ज्यांना घ्यायची त्यांनी खुशाल घ्यावी. सातवीपर्यंत शिकलेल्या या बाईचे अक्षर माझ्या अक्षरापेक्षा कायमच सरळ होते, आणि आता तर माझ्या हातात चहाची बशीसुद्धा टिकत नाही.

१. राहते घर, मागचे पत्र्याचे शेड आणि बँकेत जे काही असेल ते सर्व श्रीदेवीचे. ती असेपर्यंत कुणी वाटणीचा विषय काढू नये. तिच्यानंतर घर मुलगी महेश्वरी हिचे.

२. दोन एकर जमीन मुलगा मल्लेश याची. तो पुण्यात असतो आणि जमीन विकायची म्हणतो. विकावी, माझी हरकत नाही. फक्त कोपऱ्यातले चार गुंठे ठेवावेत, कारण आमच्या रीतीप्रमाणे मला तिथेच बसवून पुरायचे आहे, आणि दुसऱ्याच्या शेतात बसून राहणे मला आवडणार नाही.

३. धाकटा भाऊ शंभुलिंग याने बांध तीन हात सरकवला आहे. तो सरकलेलाच राहू द्यावा. बांधाचा राग मला नाही. राग दुसराच आहे. मी वायुसेनेत लागलो तेव्हा गावाला वाटले, हणमंत विमान चालवणार. माझे काम होते विमानाला कापड शिवायचे. कापडाची विमाने तेव्हा जवळजवळ संपली होती, पण शेपटीच्या आणि पंखांच्या काही हलत्या भागांना कापड असायचेच, आणि ते अंगाला घट्ट बसवणे हे हातचे काम होते. पहिल्या सुट्टीवर आलो तर शंभुलिंगाने भर लग्नात, वरातीपुढे, मोठ्याने ओळख करून दिली, "ह्यो आमचा थोरला. सरकारी शिंपी हाय." मंडपभर हसू. पन्नास वर्षे झाली, अजून ते कानात आहे. त्याला मी माफ करतो. मात्र माझ्या मातीला आल्यावर त्याने तो किस्सा सांगू नये. सांगितलाच तर नीट सांगावा.

४. सामान: फूटभर लांबीच्या चार सुया, दातेरी कात्री, मेणाचा गोळा आणि वायुसेनेत हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला मापाचा लाकडी गज. हे महेश्वरीला. तिला याचा उपयोग नाही, हे ठाऊक आहे. पण ती या वस्तू फेकणार नाही, हेही ठाऊक आहे.

५. शेडमधल्या पेटीत साधारण दोन मीटर कापड उरले आहे. ते पुढे कलम ६ मध्ये सांगितलेल्या संग्रहालयाचे आहे. माझ्या अंगावर घालण्यासाठी कुणी ते बाहेर काढू नये. धुऊन, घडी करून परत पाठवावे. नोकरीत मी सरकारची टाचणीसुद्धा घरी आणली नाही.

६. ज्या वस्तू मी कुणाला देऊ शकत नाही. भिंतीवरचे मानपत्र आणि कपाटातली शाल या दोन्ही माझ्या मालकीच्या नाहीत. जे आपले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, एवढा कायदा मलाही कळतो. त्या दोन्ही वस्तू श्रीदेवीच्या आहेत, कारण

इथे श्रीदेवीने पेन खाली ठेवले आहे. इथून पुढचे अक्षर महेश्वरीचे, शब्द माझेच. मी तिला सांगितले, आई काय म्हणाली तेही लिही. मृत्युपत्रात खोटे नको, आणि वगळलेलेही नको.

श्रीदेवी म्हणाली, "म्या न्हाय लिवत हे. नऊ वर्सं झाली, आता कशाला उकरून काढायलाव? पेपरात नाव आलंय तुमचं. मेल्यावर मानसं खोटारडा म्हणतील तुमाला." मी म्हणालो, म्हणू देत. त्यावर ती "ब्याड!" म्हणाली आणि आत गेली. फार राग आला की "नको" हा शब्द ती माहेरच्या कानडीतच म्हणते.

तर कारण असे. नऊ वर्षांपूर्वी एका संग्रहालयाने मला शोधून काढले. त्यांच्याकडे दोन मजली पंखांचे जुने विमान आले होते, टायगर मॉथ. आपले कितीतरी जुने वैमानिक याच विमानावर उडायला शिकले. आत लाकडी सांगाडा, वरून कापड. कापड कुजून गेले होते आणि ते जुन्या पद्धतीने शिवणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. मी गेलो. वरचे दोन पंख तिथेच बसून केले. दुसरा पंख संपत आला आणि माझा उजवा हात हलू लागला. मी कुणाला बोललो नाही. खालचे दोन पंख गावी नेऊन करतो म्हणालो. शेजारच्या बब्रुवानाने ते आपल्या टेंपोतून, गाद्या घालून, इथवर आणले. रस्त्यात लोकांनी त्याला विचारले, कुणाच्या लग्नाचा मंडप?

हा पंख शिवताना उभा करतात. एक माणूस या बाजूला, एक त्या बाजूला. मेण लावलेला दोरा घेऊन सुई इकडून आरपार घालायची, तिकडच्याने ती परत पाठवायची, आणि चार-चार बोटांवर गाठ. श्रीदेवीला मी पलीकडे उभे केले. मधे कापड, त्यामुळे ती दिसत नव्हती, फक्त बांगड्या ऐकू यायच्या. पहिल्या दिवशी मी घातलेल्या सुया कुठल्या कुठे निघाल्या. दुपारी ती माझ्या बाजूला आली, सुई हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "तुमी खुर्चीवर बसा आन् कुठं घालायची त्येवढं सांगा."

त्यानंतर दोन्ही पंखांचा प्रत्येक टाका तिचा आहे. दोन्ही बाजूंनी तीच. सुई घालायची, पंखाला वळसा घालून पलीकडे जायचे, सुई परत पाठवायची, पुन्हा वळसा. एका टाक्याला दोन चकरा. जन्मभर कौद्या, म्हणजे गोधड्या, शिवलेला हात, आठ दिवसांत माझ्यापेक्षा पुढे गेला. पुढे पुढे मी नुसता बसून बघायचो आणि उगीच "डावीकडं" म्हणायचो, म्हणजे मीही काही करतो आहे असे वाटावे.

आमच्या कामात एक रीत आहे. कापड बंद करण्याआधी, काम करणाऱ्याने आतल्या लाकडी फासळीवर पेन्सिलीने आपले नाव आणि तारीख लिहायची. बाहेरून ते कधीच दिसत नाही. पुन्हा कधी कापड बदलताना पुढच्या कारागिराला कळावे, एवढ्यासाठी. दोन्ही पंखांत मी लिहिले: ह. गु. कोराळे. श्रीदेवी बॅटरी धरून उभी होती. तिने वाचले आणि म्हणाली, "अक्षर बरं आलंय की, हात हलत असून."

संग्रहालयाचे साहेब तपासायला आले. म्हणाले, कोराळे, वरच्यांपेक्षा खालचे पंख सरस झालेत. लोकांच्या नजरेसमोर खालचेच येणार, बरे झाले. मी मान हलवली. समारंभात शाल घेतली, मानपत्र घेतले, फोटो काढला. ती मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिनेच मला गप्प राहायला सांगितले होते, हे खरे आहे. पण मला गप्पच राहायचे होते, हे त्याहून खरे आहे. आधीच शिंपी, त्यात बायकोने शिवले, हे मला सोसले नसते.

श्रीदेवी, हे मी तुला नऊ वर्षांत तोंडाने सांगू शकलो नाही. म्हणून तुझ्याच हातून लिहवून घ्यायला बसलो, आणि तेही जमले नाही. माझे चुकले.

७. संग्रहालयाला लिहिलेले पत्र सोबत आहे. ते माझ्या मृत्यूनंतर नव्हे, उद्याच टपालात टाकावे. विमानाशेजारी माझ्या नावाची पाटी आहे, तिच्यावर श्रीदेवीचे नाव लावावे, आणि पुढे कधी त्या पंखांचे कापड बदलले जाईल तेव्हा आतल्या फासळीवर माझ्या नावाखाली तिचे नाव लिहावे, अशी त्यांना विनंती केली आहे. पाटी मला डोळ्यांनी बघायची आहे.

आता श्रीदेवी बाहेर आली. उभ्याउभ्याच सगळे वाचले. मग म्हणाली, "लिवलंय ते खरं हाय. पर अर्धंच हाय. डोप कुणी लावलं?"

डोप म्हणजे कापड ताणून घट्ट करणारे, उग्र वासाचे वार्निश. मी म्हणालो, ते काय मोठे काम.

"मोठं न्हाय? त्याच्याबिगर नुसती कौदीच ऱ्हायली असती ती. ब्रश धरवत नव्हता तर मनगटाला फडक्यानं बांधून घेतला तुमी. डोळ्यातनं पानी गळायलं तरी उठला न्हाय. ते कोन लिवायचं? महे, पेन दे हिकडं."

८. दोन्ही खालच्या पंखांना डोपचे सात-सात हात हणमंतप्पा यांनी दिले. हे कलम लिहिणारीने स्वतःहून घातले आहे. सांगणाऱ्याला ते मान्य आहे. तसेच कलम ७ मधील "माझ्या नावाखाली" या जागी "माझ्या नावाशेजारी" असे वाचावे. तेही त्याला मान्य आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो शुद्धीवर असताना ऐकला, समजून घेतला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे.

ठिकाण: लोहारा, जि. धाराशिव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: हणमंतप्पा गुरुलिंगप्पा कोराळे (सही)

साक्षीदार:
१) डॉ. इंद्रजित माणिकराव साठे, लोहारा (सही)
२) बब्रुवान ज्ञानोबा गोरे, धंदा: टेंपोचालक, लोहारा (सही)

कलम ६ मधील "इथे श्रीदेवीने" पासून कलम ७ व त्याखालील बोलण्यापर्यंत लिहिणार: महेश्वरी (सही)

बाकी सर्व लिहिणार: श्रीदेवी हणमंतप्पा कोराळे, वय ७० वर्षे, धंदा: घरकाम (सही)

खुलासा: वरील ओळीतील "घरकाम" हा शब्द लिहिणारीने साक्षीदारांसमोर स्वतःच्या हाताने खोडला असून, त्या जागी "विमानाच्या पंखांचे कापडकाम" असे वाचावे.