दहा हजारांची बसायची सोय

सोमवार, ३ जून

सगळ्यांत आधी कोण आलं असेल? रोसली! पास्टरची बायको. मीटिंग पुरुषांची, मैदानाच्या कडेला, नीरफणसाखाली – आणि ही आधीच चटई टाकून बसलेली. म्हणे, "मी काही ऐकत नाहीये, सावलीला बसलेय." मग मीही तिच्याशेजारी सावलीला बसले. तिच्याकडे सुपारी होती, माझ्याकडे चुना. जमलं!

मग अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे आमचे धाकटे भावजी, इरोफालू. क्लबचे अध्यक्ष झाल्यापासून गळ्याचं बटणसुद्धा लावतात, या उकाड्यात. बातमी मोठी – आमचा फुटबॉल क्लब वरच्या लीगमध्ये चढला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण राजधानीतून, होनिआराहून, संघटनेचे लोक मैदान बघायला येणार आहेत. प्रेक्षकांना बसायची सोय हवी, निदान हजार जणांची. नाहीतर आमचे घरचे सामने औकीला!

औकी! अर्धा दिवस ट्रकच्या फळीवर. मी पोचते, कंबर वाटेतच राहते. आणि जेथ्रोचा, म्हणजे माझ्या लेकीच्या मुलाचा, एकही सामना मी आजवर चुकवलेला नाही. आमचा सेंटर फॉरवर्ड आहे तो. मी ओरडल्याशिवाय त्याचा डावा पाय उठत नाही. तो स्वतः म्हणतो. म्हणजे मीच म्हणते, तो नाही म्हणत नाही.

तर हजार. भावजींना हजार म्हणजे अपमान वाटला. "हजारात काय ठेवलंय? बांधायचं तर दहा हजारांचं. भविष्याचा विचार करा!"

कोणीतरी म्हणालं, सगळी खाडी गोळा केली तरी दहा हजार डोकी होत नाहीत.

"होतील," भावजी म्हणाले आणि तरण्या पोरींच्या घोळक्याकडे बघितलं. पोरी पळाल्या.

आणि बांधणार कुठे? मैदान म्हणजे खाडीत घुसलेली जमिनीची जीभ. तीन बाजूंना पाणी, चौथीला कबरस्तान. "मेलेल्यांना हलवायचं का?" कोणीतरी विचारलं. "हलवू नका, मोजणीत धरा," रोसली माझ्या कानात म्हणाली. मला सुपारी घशात लागली. पुरुष सगळे माझ्याकडे बघायला लागले!

मंगळवार, ४ जून

रताळी काढली. पाठ धरली. भावजी दिवसभर मैदानात पावलं मोजत फिरत होते – मोजत मोजत गुडघाभर पाण्यात गेले, तरी मोजतच होते.

शुक्रवार, ७ जून

आज नमुना! माडाचे ओंडके रचून पाच पायऱ्या केल्या. भावजींचा हुकूम – "सगळ्यांनी बसून दाखवा."

बसून दाखवा म्हणे! बाई पुरुषाच्या डोक्यावर बसेल कशी? बसली तर तिच्या घरच्यांनी त्या पुरुषाला भरपाई म्हणून डुक्कर द्यायचं. एवढी डुकरं आहेत कुणाकडे! मग पुरुष वर, बायका खाली. ठीक.

पण माझा जावई! ओसिफेलो, जेथ्रोचा बाप. तो बरोबर माझ्या मागच्या ओंडक्यावर. बिचारा खोकला, मला कळावं म्हणून. आमच्यात सासू-जावयानं जवळ बसायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, नाव घेणं तर सोडाच (इथे लिहिलं, कागदाला काय कळतंय). लेकीच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, जावयाचं नाक कसं आहे मला धड माहीत नाही.

मी सरकले. सरकले तर रोसलीच्या जावयापुढे रोसली गेली. ती सरकली. तिकडे कुणाची सून, कुणाचा सासरा – अख्खी रांग सरकायला लागली! टोकाचे चौघे धप्पकन खाली. मग वरच्या रांगेतले हसले, म्हणून त्यांची भांडणं. पन्नास माणसं, आणि दोनशे जागांवर बसता येईना!

मला वाटलं भावजी आता डोकं धरून बसतील. छे! डोळे चमकायला लागले. "बघितलंत? आपल्या एका माणसाला चार-चार जागा लागतात. आता कळलं मी दहा हजार का म्हणतो ते?"



शनिवार, ८ जून

लेकीला विचारलं, तुझ्या नवऱ्याचं नाक कसं गं? म्हणाली, "आई, तू झोप."

मंगळवार, ११ जून

भावजींशी भांडले. दहा हजारांसाठी सगळे माड तोडायला निघालेत!

मी म्हटलं, "भावजी, सगळे माड बसायला गेले, तर आपण बसून खाणार काय?"

"वहिनी, तुम्हाला भविष्य कळत नाही."

"मला भविष्य नाही बघायचं, सामना बघायचाय!"

जरा जोरातच बोलले. कुत्रीसुद्धा उठून गेली. घरी आल्यावर मात्र जीव थाऱ्यावर नाही. सामने औकीला गेले तर जेथ्रोनं गोल केल्याचं मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगणार. त्याला काय अर्थ आहे? शिळा गोल!

शुक्रवार, १४ जून

काय सांगू! कुठून सुरू करू!

आज शेजारच्या गावाबरोबर सराव सामना होता. आम्ही नेहमीसारखे आपापल्या होड्यांत. मैदानाच्या तिन्ही बाजूंनी होड्याच होड्या – पूर्वीपासून तसंच बघतो आम्ही. भाजलेला मासा आणायचा, रताळी आणायची, पाय पसरून बघायचं. जावई दिसला की वल्हं मारून लांब जायचं. कोणी कोणाच्या डोक्यावर नाही.

आणि न कळवता पाहुणे आले! संघटनेचे मिस्टर रिआनो आणि त्यांच्याबरोबर जुडित नावाची एक बाई, हातात मोजायची पट्टी. भावजी धावत पुढे. गळ्याचं बटण लावायला विसरले! लगेच सुरू झाले, "इथे उत्तरेला चार हजार, तिकडे तीन हजार…" पाहुणे त्यांच्याकडे बघतच नव्हते. होड्यांकडे बघत होते.

"हे लोक सामना संपल्यावर कुठे बसतात?" मिस्टर रिआनोंनी विचारलं.

"घरी," भावजी म्हणाले.

जुडितबाई होड्या मोजायला लागल्या. आम्ही आपल्या हलतोय, पाणी हलतंय. "जरा थांबा! हलू नका!"

रोसली ओरडली, "अगं बाई, ते समुद्राला सांग!"

मिस्टर रिआनो म्हणाले, नियमाप्रमाणे बसायची जागा घट्ट बांधलेली हवी. मग ओसिफेलोनं आपल्या होडीतून नांगर टाकला – डुबुक! "झाली घट्ट," तो म्हणाला. झालं, सगळ्यांनी धडाधड नांगर टाकले. माझ्याकडे नांगर नाही. मी रताळ्यांची टोपली टाकली दोरी बांधून.

"आणि शौचालयं?" जुडितबाईंनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी लांब, समुद्राकडे बघितलं.

तेवढ्यात जेथ्रो सुटला! मी उभी राहून ओरडले, होडी डुगडुगली – डावा पाय – गोल! आणि त्या गडबडीत मी वळले तर समोर ओसिफेलो, तोही उभा, तोंडभर हसत थेट माझ्याकडे बघतोय! दोघांनी एकदम पाठ फिरवली. पण बघितलं मी. नाक खरंच चांगलं आहे.

शेवटी मिस्टर रिआनोंनी भावजींना विचारलं, "मग तुमच्या स्टेडियममध्ये एकूण किती माणसं मावतात?"

भावजींनी खाडीकडे बघितलं. मला वाटतं त्यांनाही ते आत्ताच दिसलं. म्हणाले, "तुमच्याकडे किती आहेत?"

शनिवार, १५ जून

पाहुणे सकाळी गेले. जाताना म्हणाले, आम्हाला पसंत आहे, पण वरच्या साहेबांनी डोळ्यांनी बघायला हवं. हजार माणसं होड्यांत बसलेली एकदा दाखवा, की सामने इथेच! पुढच्या शनिवारी येतो, पौर्णिमेला. भर दुपारी बारा वाजता, म्हणजे फोटो चांगले येतील.

पौर्णिमा. दुपारी बारा. वर्षातली सगळ्यांत मोठी ओहोटी! त्या वेळी आमच्या खाडीत होडी तरंगायला पाणीच नसतं, खेकडेसुद्धा चालत जातात. धक्क्यावरच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी रोसलीकडे बघितलं, रोसलीनं पास्टरकडे, पास्टरनं भावजींकडे, भावजींनी आपल्या पायांच्या बोटांकडे. पण पाहुण्यानं तोंडानं दिलेला दिवस, तो परत कसा करायचा? तेवढे काही आम्ही उद्धट नाही.

आम्ही सगळे एका सुरात म्हणालो – या, नक्की या!