विरोधात बोलून मिळालेला पहिला नंबर

प्रिय आत्या,

तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असून लिहायला बसले आहे. तू होतीस तेव्हा वीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं, आणि तू जाऊन पाच महिने झाल्यावर मला कंठ फुटलाय. आहे की नाही शहाणी तुझी भाची!

आज शाळेत नववीतली एक मुलगी वादविवाद स्पर्धेचं भाषण तपासून घ्यायला आली. विषय होता, ‘मानवजात टिकून राहायला पात्र आहे का?’ तिची चिठ्ठी विरोधाची निघाली होती. लिहिलं चांगलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात तिचे आजोबा आले. दिवसभर खाटेवर पडून असतात, घराला त्यांचा काय उपयोग, वगैरे. मी विचारलं, “आजोबांना माहीत आहे का हे?”

“न्हाई मॅडम. पण ते येऊन राह्यले ना ऐकायला. लई खूश हायत.”

माझा लाल पेन तिथंच थांबला. मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग त्या काय म्हणल्या?” मी तुला कधी विचारलंच नव्हतं गं.

भोकरदनचा तो दिवस तुला आठवत असणार. हे स्पर्धेचे विषय म्हातारे होत नाहीत, फिरून फिरून येतात. तेव्हाही हाच होता, आणि माझीही चिठ्ठी विरोधाचीच. तुझा भाऊ, आमचे आबा, मिरचीच्या तोडणीत अडकलेले, म्हणून पिंपळगावहून एसटीनं माझ्यासोबत तू आलीस. भाषण ऐकायची तुझी पहिलीच वेळ! ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस.

भाषणात मी आटलेल्या नद्या घातल्या, तोडलेली रानं घातली, लढाया घातल्या. टाळ्या मात्र मिळाल्या त्या भलत्याच ठिकाणी. “आमच्याच घरात पहा,” मी म्हणाले, “माझी आत्या. लहानपणीच्या तापात एक हात, एक पाय गेला. लग्न नाही, काम नाही. सकाळपासून ओट्यावर बसून असते. खायला काळ आणि भुईला भार! अशा जगण्याला किंमत कुठून आणायची?”

हे मी आरशासमोर पाठ केलं होतं. हात कुठं उचलायचा, आवाज कुठं पाडायचा, सगळं. तू माझ्याबरोबर येणार हे आदल्या दिवशी कळलं, तरी मी ते बदललं नाही. टाळ्या हव्या होत्या ना मला!

तू तिसऱ्या रांगेत होतीस. सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि तूही वाजवत होतीस. डावा हात उठत नाही, म्हणून उजवा मांडीवर मारून मारून. मी स्वतःची समजूत घातली की तिला कुठं काय कळलंय!

परतीच्या एसटीत बक्षिसाची ढाल तू मांडीवर घेऊन बसलीस. कंडक्टरला म्हणालीस, “माझ्या भाचीचा पह्यला नंबर आलाय.” तो म्हणाला, “काय बोलली भाची?” तू म्हणालीस, “माणसाचं बोलली. लई बराबर बोलली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तर तू अंगण झाडत होतीस. भिंतीला पाठ टेकून, एका हातानं. आई धावत आली. “ठिवा वन्सं, मी झाडते की!” तर तू म्हणालीस, “राहू दे ग. बसून बसून अंग धरलंय.”

त्या दिवसापासून तू बसली नाहीस, आत्या. अंगण, मग भांडी, मग मिरचीचे देठ खुडणं, गोठा. डोळ्यांत पाणी यायचं तिखटानं, तरी उठायची नाहीस. आधी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचीस, “जेवला का रे?” गमतीची गोष्ट सांगताना अर्ध्यातच तुलाच हसू फुटायचं, त्यामुळे तुझ्या एकाही गोष्टीचा शेवट गल्लीत कुणाला माहीत नाही. ते सगळं बंद झालं. लोक आईला विचारायचे, “गया दिसंना कुठं?” गया गोठ्यात होती. आपली भाकरी फेडत होती.

मला कळत होतं. पहिल्याच सकाळी कळलं होतं.

पण तूही काही कमी नाहीस हं! एकदा तरी माझा कान पिळायचास. एक थोबाडीत ठेवून दिली असतीस तर दोघी सुटलो असतो. उजव्या हातात जोर होता की तुझ्या!

शेवटी तू अंथरूण धरलंस तेव्हा मी रजा काढून आले. खिमट भरवत होते. तू तोंड मिटून घेतलंस आणि म्हणालीस, “आता कशाला घालती ग? खायला काळ न् भुईला भार.” माझेच शब्द! वीस वर्षं जपून ठेवले होतेस! तेव्हा वाटी बाजूला ठेवून तुझे पाय धरायचे होते. मी काय म्हणाले? “उगं काहीतरी बोलू नको, खा गप.”

आज मी त्या मुलीसाठी दुसऱ्या बाजूचं भाषण लिहून पाहिलं. सुरुवात केली, की माझी आत्या अपंग असूनही अंगण झाडायची, गोठा आवरायची... आणि फाडून टाकलं. बघ, पुन्हा तुझी कामंच मोजत बसले! म्हणजे गोठा आवरला म्हणून तू जगायला पात्र? आणि ओट्यावर बसायचीस तेव्हा? तेव्हा मी शाळेतून आले की तू म्हणायचीस, “आली का ग?” बस, एवढंच. तेवढ्यानं मला घरी आल्यासारखं वाटायचं. नद्यांचं मी बोलले ते खोटं नव्हतं, माणसानं वाटोळं केलंच आहे. पण माणूस असावा की नसावा हे ठरवताना मी तुझ्याकडे बोट दाखवलं, आणि तू कुणाचं काय वाईट केलं होतंस? याचा मुद्दा होत नाही, परीक्षक गुण देणार नाहीत. न देवोत.

आता राहिले आबा. तुझ्या दहाव्याला घाटावर माझ्याशेजारी बसून तुझा भाऊ रडला. म्हणाला, “मीच एकदा म्हणल्तो गयाला, नुसती बसून राह्यती म्हणून. तवापासून बसली न्हाई बघ ती. मीच मारलं तिला.” आणि मी? मी त्यांच्या हातात चहा दिला. वडिलांनी माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मी घेऊ दिला. तेव्हापासून ते अर्धी भाकरी खाऊन उठतात, असं आई फोनवर सांगते. मी म्हणते, वय झालं त्यांचं.

त्या मुलीनं परिच्छेद काढला की ठेवला, मला माहीत नाही. ते तिचं ती बघेल. माझं मला बघायचं आहे.

या रविवारी मी गावी जाते आहे. आबा अजून पाहुण्यांना ती ढाल काढून दाखवतात, त्यामुळे त्यांना फार लागेल. कदाचित माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत. पण त्यांच्यासमोर बसून सांगेन, आबा, तुमच्या बोलण्यानं नाही, माझ्या भाषणानं आत्या उठली. हे सांगितल्याशिवाय त्या घरचं पाणीही पिणार नाही, आत्या. शब्द देते.

तुझी भाची,
सुनी