चिठ्ठीखालची तारीख

वडूज,
ता. ९ मार्च २०२५

चि. नानासोस हरणाक्काचे आशीर्वाद.

आमी समदी बरी हाय. आमच्या अंकिताचे शाळेचे पेपर सुरू हायत. तुझ्या दुकानाला गिऱ्हाईक बरं असंल. फोन केला की "आक्का, गर्दी हाय" म्हणून ठेवतोस, म्हणून लिहिते.

माघात तू तेलाचा डबा तीनशेनं वाढवलास. तूच म्हणालास, "आक्का, ह्ये तेल समुद्रापल्याडनं येतं. डॉलर चढला की तिथला माल आपल्याला महाग पडतो. सांगलीत बसून मी काय करू?" मला पटलं. खोटं बी न्हाई ते. रुपया घसरला की वडूजच्या कढईपत्तोर चटका येतो, एवढं मला बी कळतं. आणि भावाच्या दुकानात बहिणीनं दर विचारायचा नसतो. तीस वर्षं विचारला न्हाई.

आता माझं पाप ऐक. तुझ्याच तेलात करून विकते त्या भडंगाचा दहाचा पुडा बाराला कोण घेणार? दर तोच ठेवला, आतनं एक मूठ काढली. एष्टी स्टँडावर माझे पुडे विकणाऱ्या राहीबाईनं नुसतं हातात धरून ओळखलं. मी तिला तुझंच बोलणं ऐकवलं. डॉलर, समुद्र, समदं. वर म्हणाले, "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई."

परवा रिकामा डबा धान्याला व्हईल म्हणून भिजत घातला. वर डकवलेली तुझ्या दुकानाची दराची चिठ्ठी सुटली. खाली कंपनीचा शिक्का, पॅकिंग गेल्या ऑगस्टचं! अरं नानासो, डॉलर चढला माघात आणि डबा भरलाय श्रावणात. त्याला कुठला समुद्र आडवा आला? जुन्या दराचा माल नव्या दरानं मलाच इकलास, आणि तारखेवर चिठ्ठी डकवलीस. लय लागलं रं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

राहीबाईला जाऊन समदं सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, त्यानं फसवलं खरं. पर मूठ तुमी काढली." आता पुडे पहिल्यासारखे भरते, तोटा माझा.

सुटलेली चिठ्ठी सोबत घातलीय. पुढचा डबा लागला की येईन. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहीन, आत चहाला बोलवू नको.

इथनं पुढं दर विचारूनच घेणारी,
तुझी हरणाक्का