मूठभर मीठ

४ जानेवारी १९५९, पनवेल
दवाखान्याची पाटी लागली! पनवेलला जातोय म्हटल्यावर मुंबईचे मित्र हसले होते. हसतील त्यांचे दात दिसतील. खिडकीतून मिठागरं दिसतात. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. मी पेशंटना थट्टा करून हसवतो, निम्मा आजार तिथंच पळतो.

९ जानेवारी
मिठागरावरची ठमाबाई आपली नात घेऊन आली. वेणू, सात वर्षांची, पोरकी. कारण नसताना हसते. बापाच्या तिरडीपुढेही हसली, तेव्हापासून वस्तीवर तिला कुणी दारात उभं करत नाही. मी नाडी धरली आणि ती खिदळायला लागली. डोळे तेवढे भेदरलेले. माझ्या टकलाला हसत असणार! तपासली, धडधाकट आहे. म्हटलं, पोर चढेल झालीय, हसली की घाला चिमूटभर मीठ तोंडात, तुमच्याकडे मिठाला काय तोटा! ठमाबाईनं गंभीरपणे मान हलवली. मीच पोटभर हसलो.

१८ जानेवारी
बाजारात दोघी भेटल्या. ठमाबाई म्हणाली, चिमटीनं भागत नाय डाक्टर, आता मूठ लागते. मला गंमत वाटली. वेणूचे ओठ मात्र फुटले होते.

२५ जानेवारी, मुंबई
मेडिकल कॉलेजातल्या माझ्या सरांना हा किस्सा रंगवून सांगितला. सर हसले नाहीत. म्हणाले, मेंदूत जन्मजात गाठ असेल. साधी, जीव घेणारी नव्हे. ते हसू नव्हे, झटका आहे. गोळ्यांनी आवरेल, पोर म्हातारी होईल. झटक्यात तोंडात मात्र काहीही घालायचं नाही.

२६ जानेवारी
पहिल्या एस.टी.नं परतलो, गोळ्या घेऊन तडक मिठागरावर. वेणू काल गेली. शेवटपावेतो औषध दिला डाक्टर, ठमाबाई सांगत होती, पन हसू काय थांबला नाय. तिनं मला मिठाची टोपली दिली, उपकाराची फेड म्हणून. मी घेतली. खरं सांगायची छाती झाली नाही. भित्रा आहे मी.

३० जानेवारी
पेशंटसमोर हसलो. आनंद नाही, काही नाही — तोंड आपोआप —

२ फेब्रुवारी
भर बाजारात. थांबेना. आवाज माझा नव्हता. वेणूचा —

५ फेब्रुवारी
दुपार. कडी लावलीय. बाहेर ठमाबाई, वस्तीतली माणसं. मायेनं म्हणतेय, उघडा डाक्टर, तुमचाच औषध आनलाय. ओरडून सांगायचंय, तोंडात काही घालू नका — तोंड उघडलं की हसूच —
कडी निघाली —
ठमाबाई, नको, मी