गाळलेली ओळ

विमलताईला शीलाचा भिवंडीहून जय भीम.

गावी एका सकाळी तू अंगण झाडत होतीस आणि मी चुलीजवळ रद्दी पेपरातली अक्षरं जुळवत बसले होते. दूध उतू गेलं तशी तू ओरडलीस, "काहून वं, वाचून पोट भरते का?" ती सकाळ परवापासून डोक्यातून जात नाही.

मी बरी आहे. माझी खुशी तुझ्याकडे राहून शाळेत जाते ना? तिचे बाबा गेल्यापासून ती कमी बोलते, तिच्यावर रागावू नको. माझंही तसंच आहे.

सोमवारच्या पत्रात लिहिलं होतं, गोदामात मला बसून करायचं काम मिळालं. कसं मिळालं ते लिहिलं नाही. दहा तास उभं राहून पाय सुजतात, म्हणून आम्ही दहा बायका युनियनमध्ये गेलो होतो. सोमवारी सुपरवायझरने सह्यांसाठी कागद दिले. आमच्यात वाचता मला एकटीलाच येतं. नेरची सत्यभामा म्हणाली, "वाच वं मास्तरीनबाई, तू सांगशील तिथं अंगठा लावतो." मी पगारवाढीचं वाचलं आणि 'युनियन सोडत आहे' ही शेवटची ओळ गाळली. सुपरवायझरने त्यासाठीच मला खुर्ची कबूल केली होती. नऊ जणींनी अंगठे लावले. सत्यभामाने वर मला चहा पाजला.

त्या कागदाची एक प्रत माझ्या पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली.

तुझी,
शीला