करड्या फ्लॅनेलचं गाढव

आई, यंदाची उन्हाळी शाळा सुरू होऊन चार दिवस झाले आणि चारही दिवस मी चर्चच्या फाटकावर उभी आहे. तू असतीस तर आत पेटीपाशी बसून मुलांना गाणं शिकवत असतीस. मी पहिले तीन दिवस मुलांच्या पिशव्या तपासल्या. आज तपासल्या नाहीत, का ते पुढे लिहिते. तू जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे मधलं सगळं नीट सांगायला हवं. गेल्या मे महिन्यात आम्ही नेहमीसारखे सुवार्तेला, येशूच्या गोष्टी सांगायला, एका गावात गेलो होतो, ओळखीच्या घराच्या अंगणात. दोन गाणी होतात न होतात तोच चार तरुण मोटारसायकलवरून आले आणि मोबाइल आमच्या तोंडासमोर धरून विचारू लागले, ‘पोरास्नी काय वाटाय लागलायसा? आन् कशापायी?’ आम्ही लिंबाचं सरबत वाटत होतो. त्यातल्या एकानं पेला हुंगूनसुद्धा बघितला. पुढे काही झालं नाही, पण मी धसका घेतला. नंतर चर्चच्या पंचांच्या बैठकीत मीच सुचवलं, की आता गावोगाव जाणं बंद, जे करायचं ते आपल्या आवारात. बाहेरच्या मुलांना घरच्यांच्या सहीशिवाय घ्यायचं नाही. कुणाला कसलीही वस्तू द्यायची नाही, खडूचा तुकडासुद्धा. पिशव्या तपासायची कल्पनाही माझीच. पाळकसाहेब म्हणाले, ‘अहो, लहान पोरं आहेत ती.’ मी म्हटलं, पोरांचं काही नाही हो, पोरांना पाठवतं कोण ते बघायला हवं.

मला आता सगळ्यांचाच संशय येतो. परवा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला मी दोनदा ओळखपत्र मागितलं, दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा तो बिचारा हसायलाच लागला. तू दृढीकरणाच्या वर्गात आमच्याकडून दहा आज्ञांतली एकेक आज्ञा म्हणून घ्यायचीस आणि लगेच विचारायचीस, ‘याचा अर्थ काय?’ खोट्या साक्षीच्या आज्ञेपाशी तू जास्त वेळ थांबायचीस. नुसतं खोटं बोलायचं नाही एवढंच नव्हे, शेजाऱ्याचं वागणं जितकं चांगल्या अर्थानं घेता येईल तितकं घ्यायचं, असं सांगायचीस. आपल्या मंडळीतल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी ते हा अर्थ सांगेल. मीही सांगेन, आणि सांगता सांगता रस्त्यापलीकडे कोण उभं आहे तिकडे माझं लक्ष असेल.

तर रस्त्यापलीकडे एक बाई उभी होती. पहिल्या दिवशी करंजाच्या सावलीत नुसतीच उभी होती, दुसऱ्या दिवशी मोबाइल वर धरून. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी एका मुलीची पिशवी तपासत होते ती तशीच हातात घेऊन रस्ता ओलांडला. बाई माझ्याच वयाची, पण उन्हात जास्त राबलेली, नऊवारी नेसलेली. मी विचारलं, काय पाहिजे?

‘कायबी न्हाय. बगतोय.’

‘मग मोबाइल कशाला?’

‘नातीला दावाय. ती लाजतीया. म्हनलं, बग की, पोरं कशी गानी म्हनत्यात. सुट्टीचं घरात बसून काय करतीस?’

मी राहायला कुठं म्हणून विचारलं. कसबा बावड्याला, मुलाकडे, नव्या घरांत. बावड्याहून इथवर, वाटेत दहा शिबिरं असताना, आणि तेही आमच्याकडे? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मूळ गाव कुठलं, तर कोडोलीच्या पलीकडची वाडी. तिनं वाडीचं नाव सांगितलं आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाली, ‘तुमी अजून पिशव्या बगतासा व्हय?’

तेव्हा मी तिला ओळखलं. हनुवटीवरच्या गोंदणावरून असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही. त्या प्रश्नावरूनच ओळखलं.

तिच्या वाडीत आपण शाळा घेतली त्या मे महिन्यात मी अकरा वर्षांची आहे आणि तुझी पेटी सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. गाण्याची नव्हे, चित्रांची पत्र्याची पेटी. फ्लॅनेलनं मढवलेला फळा आणि त्यावर टेकवलं की चिकटून राहणारी कापडी चित्रं, परदेशातल्या कुठल्याशा मंडळीनं मिशनला पाठवलेली. प्रत्येकाच्या पाठीवर शाईनं नंबर. करडं गाढव सतरा नंबरचं. त्याचा एक कान दुमडलेला आणि ते तीन-तीन गोष्टींत कामाला यायचं. ते मला फार आवडायचं. निघायच्या आदल्या दिवशी तू चुलीपाशी शेंगदाणे भाजत होतीस तेव्हा मी ते तुझ्याकडे मागितलं. शाळा संपली की मला देशील का? तू शेंगदाणे परतायची थांबलीही नाहीस. ‘ती मिशनची वस्तू आहे. कुणालाच मिळायची नाही.’ ‘कुणालाच’वर तू जोर दिलास तो मला अजून ऐकू येतो.

वाडीत पाच दिवस. ती पोरगी पहिल्या दिवसापासून पुढे बसलेली. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट तू सांगतेस, ज्याला परमुलखातला कुणी उचलतो आणि गाढवावर घालून नेतो, आणि मी फळ्यावर जखमी माणूस गाढवाच्या पाठीवर आडवा चिकटवते. ही विचारते, ‘बाई, गाढवाला पानी पाजलं का त्यानं?’ तू इतकी हसलीस की पदरानं डोळे पुसलेस. म्हणालीस, एवढी वर्षं गोष्ट सांगते पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. मग तिनं ती गोष्ट उभं राहून परत सांगितली, तिच्या बोलीत, गाढवाला पाणी पाजून. मी वचनपाठांतरात जिल्ह्यात पहिली आले होते, आई. तेव्हा तू मान डोलावली होतीस, हसली नव्हतीस.

पाचव्या दिवशी निरोपाला गावातली मोठी माणसंही आलेली. तिचे वडील दाराशी हाताची घडी घालून उभे, आत न येता. आमचे तेव्हाचे पाळक पुढे खुर्चीवर. लोक म्हणतात तुम्ही पोरांना लालूच दाखवता, म्हणून कुणाला काहीही द्यायचं नाही, ही ताकीद त्यांनी जीपमध्येच सगळ्यांना दिलेली होती. म्हणजे बघ, माझा नियमही नवा नाही. तू म्हणालीस, हात जोडा, डोळे मिटा, आणि शेवटची प्रार्थना झाली. मग मी पेटी भरताना चित्रं मोजली, तर एक कमी. मी मोठ्यानं म्हटलं, ‘आई, गाढव नाही.’ भिंतीला खिळ्यांवर पोरांच्या पिशव्या ओळीनं टांगलेल्या होत्या. मी गेले, खताच्या पोत्याची शिवलेली तिची पिशवी काढली, आत हात घातला आणि गाढव वर धरलं. तिच्या वडिलांनी तिथंच तिच्या तोंडात मारली. ती रडली नाही. माझ्याकडेही तिनं बघितलं नाही, ती तुझ्याकडे बघत राहिली. तू फळा चादरीत गुंडाळत होतीस. म्हणालीस, ‘मिळालं ना? ठेव पेटीत.’

तेवढंच. परत येताना मात्र तू मला बोललीस, हळू आवाजात, पाळकांना ऐकू जाऊ नये असं. ‘सगळ्यांसमोर ओरडायची काय गरज होती?’ मला तेव्हा भयंकर राग आला. चोर मी पकडला आणि बोलणी मलाच! त्या वाडीत आपण परत कधी गेलो नाही. ती पकडल्याची गोष्ट मात्र मी मोठी झाल्यावरही अभिमानानं सांगत आले, पंचांच्या बैठकीतसुद्धा, पिशव्या का तपासायच्या ते पटवताना.

काल ती करंजाखाली उभी राहून सांगत होती आणि सांगताना हसत होती. ‘लगीन हुईस्तवर गाढवचोर म्हनत हुती समदी पोरं. सासरीबी कुनीतरी सांगितलं. दीर अजून चेष्टा करतोय.’ मग हसणं थांबवून म्हणाली, ‘बाईंनीच दिलतं मला. पिशवीत घातलंय म्हनल्या, घरी जाऊन काड, कुनाला सांगू नगो. न्हाई सांगितलं. बानं मारलं तरी न्हाई. आता बाई न्हाईत, म्हनून तुमाला सांगतोय.’

मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात हिशेब लावत होते, की हिला आता काय हवंय, एवढ्या वर्षांनी हे उकरून हिला काय मिळणार आहे.

‘एकच इचारायचं हुतं,’ ती म्हणाली. ‘भितीला तीस-चाळीस पिशव्या हुत्या. तुमी सरळ माज्याच पिशवीपाशी कशा आला?’

मी म्हटलं, ‘फार जुनी गोष्ट. मला काही आठवत नाही.’

तिनं मान हलवली. माझ्याकडून फॉर्म मागून घेतला, तिथंच सुनेच्या सहीचा आणलेला कागद जोडला, खाली पत्ता लिहिला आणि माझ्या हातात दिला. ‘नातीला उद्या आनतो. पर तिच्या पिशवीला हात लावायचा न्हाय.’ आणि मी, तुझी मुलगी, तिला म्हणाले, ‘नियम सगळ्यांना सारखा आहे.’ ती म्हणाली, ‘बरं,’ आणि निघून गेली.

घरी येऊन मी आधी तिच्यावरच संशय घेतला. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणीही काहीही सांगावं, खरंखोटं कोण करणार? म्हणून माळ्यावरून तुझी पत्र्याची पेटी काढली. चित्रं सगळी होती, गाढवही होतं, दुमडलेल्या कानासकट. तळाशी अंथरलेलं वर्तमानपत्र उचललं तर त्याखाली करड्या फ्लॅनेलचा एक तुकडा निघाला. त्यावर पेन्सिलीनं गिरवलेली गाढवाची बाह्यरेषा. मी गाढव त्यावर ठेवून बघितलं, दुमडलेल्या कानापर्यंत तंतोतंत. कापायला सुरुवात केलेली, पोटाखाली कात्रीची बोटभर चीर, आणि मग थांबलेलं. क्षणभर मला वाटलं, माझ्यासाठी असेल. मी मागितलं होतं म्हणून तू गुपचूप दुसरं करत असशील. इतका आनंद झाला मला, आई, या वयात. मग कोपऱ्यात तुझ्या अक्षरात ‘१७’ दिसलं. पेटीतली जागा भरण्यासाठीचं गाढव होतं ते. खरं गाढव हातात असतानाच तू ते गिरवून घेतलंस, मग तिला दिलंस. खरं परत आलं आणि दुसरं कापायची गरज उरली नाही. याचा अर्थ काय, ते आता मला कुणी विचारायला नको.

तू एक वाक्य बोलली असतीस तर? मला माहीत आहे तू का बोलली नाहीस. पाळक पुढ्यात होते, तिचा बाप दारात होता, आणि तू ‘मी दिलं’ म्हणाली असतीस तर तो म्हणाला असता, बघा, हेच म्हणत होतो आम्ही. गावोगावच्या शाळा बंद पडल्या असत्या. तू शाळा वाचवलीस आणि एका पोरीला चोर होऊ दिलंस. मला तुझा राग आला. काल दुपारभर मी रागातच होते, तुझ्या फोटोकडे पाठ करून जेवले.

आज सकाळी आठला फाटक उघडलं. मी हात मागे बांधून उभी राहिले, एकाही पिशवीला हात लावला नाही. पाळकसाहेबांनी बघितलं, विचारलं मात्र नाही. अकरा वाजता मुलं घरी गेली तरी ती आणि तिची नात आली नाहीत. फॉर्मवर बावड्याचा पत्ता आहे. उद्या शाळेचा शेवटचा दिवस, त्याआधी सकाळी लवकर जाऊन त्या मुलीला मी स्वतः घेऊन येणार आहे. ती पाठवील की नाही, माहीत नाही. गाढव बरोबर नेणार आहे आणि ते कुणी कुणाला दिलं ते तिच्या मुलासमोर, सुनेसमोर सांगणार आहे. पंचांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

पण तिचा प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर तिला द्यायच्या आधी एकदा कुठंतरी लिहून बघावं म्हणून हे पत्र. लिहून झालं की पेटीच्या तळाशी ठेवीन, त्या तुकड्यापाशी. तुझी चूक एवढीच झाली, आई, की सगळ्यांचे डोळे मिटलेले असतील अशी एकच वेळ तुला सुचली. प्रार्थनेत माझे डोळे उघडे होते. तुझा हात मी तिच्या पिशवीत जाताना बघितला होता. नंतर मी स्वतःला समजावलं की तू पिशवी नीट टांगत असशील, आणि इतक्यांदा समजावलं की ते मला खरंच वाटू लागलं. काल त्या तुकड्यावरचा सतरा बघेपर्यंत वाटत होतं. गाढव वर धरलं तेव्हा मला तू काय म्हणतेस ते ऐकायचं होतं. तू सगळ्यांसमोर म्हणावंस, की हो, तिला दिलं, तुला नाही.

त्या दिवशी मी चित्रं मोजलीच नव्हती.